रुचेल तोच व्यायाम टिकेल

(बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ येथील भगिनी व बंधूंपुढे ‘घरच्या घरी व्यायाम’ या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यायाम हा शब्द उच्चारला की वऱ्हाडातील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम आखाडा उभा राहतो. मऊ केलेली माती, कोपऱ्यातील मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि जोर-बैठकांचा आवाज. या भूमीला त्याचा अभिमान वाटावा असा इतिहासही आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविली.

तथापि, आखाड्याच्या दारापर्यंत गावातील किती माणसे पोहोचतात? तरुण मुलगे पोहोचतात. घरची गृहिणी, साठी ओलांडलेले आजोबा, शिवणयंत्रावर दिवस काढणारा शिंपी, दुकानाच्या गादीवरून सकाळपासून रात्रीपर्यंत न हलणारा व्यापारी, यांच्यासाठी आखाडा नाही. सायंकाळी यवतमाळ-दारव्हा रस्त्याने फिरावयास निघावे तर वाहनांची भीती. आणि फिरणारी व्यक्ती घरची सून असेल तर चार नजरा वळतात व दोन प्रश्न विचारले जातात. परिणामी, ज्यांना व्यायामाची सर्वाधिक गरज आहे तेच त्यापासून दूर राहतात.

गेल्या काही वर्षांत या सर्वांच्या घरी एक नवे साधन आले आहे. मोबाईलच्या पडद्यावर व्यायाम शिकविणाऱ्या असंख्य चित्रफिती आज उपलब्ध आहेत. योगासनांच्या आहेत, नृत्याच्या आहेत, खुर्चीवर बसून करावयाच्या आहेत. साधन हाती आले, पण त्याबरोबर निवडीचा प्रश्नही आला. इतक्या चित्रफितींतून आपल्यासाठी योग्य कोणती? त्याचे उत्तर एका वाक्यात असे देता येईल : जी सुरक्षित आहे आणि जी उद्या पुन्हा लावावीशी वाटेल, ती.

कष्ट आणि व्यायाम

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘शेतात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला?’ हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु कापूस वेचणाऱ्या स्त्रीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, बोटे बोंडांवर चाललेली, आणि ओटीचे वजन घटकेघटकेला वाढत जाणारे. या कामात शरीर झिजते, पण त्याचे सर्व अवयव सारखे चालत नाहीत. त्याच त्या स्नायूंवर ताण पडतो, पाठीचा कणा तासन्तास एकाच दिशेने वाकलेला राहतो आणि खांदे पुढे ओढले जातात. अशा स्त्रीला उड्या मारावयास लावणारी चित्रफीत उपयोगाची नाही. तिला हवी ती पाठ सावकाश मागे नेणारी, खांदे मोकळे करणारी, दहा मिनिटांची, शांत स्वरातील चित्रफीत.

याउलट, दिवसभर बसून काम करणाऱ्याला नाडीचे ठोके वाढविणारी, पायांना काम देणारी चित्रफीत हवी. कष्ट परिस्थिती ठरविते; व्यायाम मात्र शरीराची उणीव पाहून ठरवावयाचा असतो. निवडीची पहिली पायरी ही आहे.

चित्रावरून शिकण्याची जुनी वाट

पडद्यावर पाहून व्यायाम करणे ही केवळ आजची टूम आहे, असे मानण्याचे कारण नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. त्यांनी शाळांतून नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली, आणि राजकुटुंबातील स्त्रिया व मुले यांनाही या व्यायामात सामील करून घेतले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि औंधच्या पद्धतीतील नमस्काराच्या दहा स्थिती परदेशी वाचकांच्या घरी पोहोचल्या. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. पुस्तक उघडून घरी व्यायाम शिकण्याची सोय मराठी वाचकाला तेव्हापासूनच आहे.

हलत्या चित्रांचा उपयोगही तितकाच जुना. म्हैसूरचे योगाचार्य तिरुमलाई कृष्णम्माचार्य यांच्या आसनांची एक मूक चित्रफीत १९३८ सालची आहे. तीत त्यांच्या पत्नी आणि मुलीही आसने करताना दिसतात. तीत दिसणारे त्यांचे तरुण शिष्य बी. के. एस. अय्यंगार त्याआधीच, १९३७ मध्ये, पुण्यास आले होते आणि पुढे पुण्यातूनच त्यांचे नाव जगभर झाले.

परदेशांतही हेच घडत होते. जपानमध्ये १९२८ पासून नभोवाणीवरून सकाळचे व्यायाम प्रक्षेपित होऊ लागले. वाद्याच्या ठेक्यावर शाळकरी मुले व वृद्ध एकत्र हातपाय हलवू लागले. अमेरिकेत १९८२ मध्ये अभिनेत्री जेन फोंडा यांची व्यायामाची व्हिडिओ फीत निघाली आणि व्यायामशाळेत पाऊल न टाकलेल्या असंख्य गृहिणींनी दिवाणखान्यातच व्यायाम सुरू केला. २०२० च्या टाळेबंदीत तर चार भिंतींच्या आत अडकलेल्या साऱ्या जगाने हा मार्ग धरला.

या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट दिसते. जपानच्या नभोवाणीपासून फोंडाबाईंच्या फितीपर्यंत ताल, सोबत आणि सोपेपणा यांनी लोकांना धरून ठेवले. आज्ञेने आलेला माणूस आज्ञा संपताच निघून जातो.

आवड हाच निकष का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. ही अपेक्षा अवघड नाही. तरीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच संघटनेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या दहा कोटींवर असल्याचे आढळले.

व्यायामाचा लाभ ठाऊक नाही असा माणूस आज विरळा. अडचण निराळीच आहे. व्यायामाचा लाभ आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतो. कंटाळा मात्र पहिल्याच दिवशी येतो. साखर उतरेल, गुडघा सुधारेल, या आशेवर माणूस चार दिवस काढतो. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी पाऊस येतो आणि सातव्या दिवशी व्यायाम सुटतो. ज्या व्यायामात त्या दिवसाचा आनंद त्याच दिवशी मिळतो, तो मात्र पाहुणे गेल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणून आवड ही व्यायामातील चैन मानू नये. सातत्य तिच्यावरच उभे राहते.

या आनंदाची ओळख येथील स्त्रियांना नव्याने करून द्यावयास नको. भुलाबाईच्या गाण्यांभोवती धरलेला फेर, श्वास फुलेपर्यंत घातलेली फुगडी, नवरात्रात रंगलेला गरबा, होळीला बंजारा तांड्यांवर लेंगीच्या सुरात धरलेला ताल, शाळेच्या मैदानावरचे लेझीम : हे सारे उत्तम व्यायामच होत. त्यांना कोणी व्यायाम म्हणत नाही, म्हणूनच कदाचित ते कोणाला जड वाटत नाहीत.

निवड कशी करावी?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. चित्रफीत प्रथम बसून, पूर्ण पाहावी. शिकविणारा काय बोलतो, कोणत्या गतीने करतो, हे पाहावे. सूचना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. मान वळविलेल्या स्थितीत पडदा दिसत नाही, तेथे कानावरच विसंबावे लागते.

चांगल्या शिक्षकाच्या काही खुणा आहेत. तो सुरुवातीस अंग सैल करून घेतो आणि शेवटी श्वास शांत होईपर्यंत थांबतो. अवघड कृतीला सोपा पर्याय दाखवितो. ही कृती कोणी करू नये, हेही सांगतो. ‘सात दिवसांत पोट गायब’ अशी हमी देणारी किंवा व्यायामाच्या आडून चूर्णे व पावडरी विकणारी चित्रफीत निःशंकपणे बाजूला सारावी.

वेळ पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांपेक्षा अधिक नको. जागा एक सतरंजी अंथरता येईल आणि हात पसरता येतील एवढी पुरे. मात्र गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकणार नाही याची खात्री करावी. श्रम बेताचे आहेत की नाहीत, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. सहज गाता आले तर श्रम कमी. बोलताही येईना तर जास्त.

निवडलेली फीत पहिल्या दिवशी पाहावी, दुसऱ्या दिवशी अर्धी करावी, तिसऱ्या दिवशी पूर्ण करावी. चौथ्या दिवशी स्वतःस विचारावे, ‘पुन्हा लावावीशी वाटते काय?’ वाटत नसेल तर ती सोडून दुसरी घ्यावी. यात अपयश नाही. एका फितीचा वीट येऊ नये म्हणून दोन-तीन निवडून ठेवाव्यात : दोन दिवस ताल व नृत्य, दोन दिवस आसने, एक-दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. त्या मोबाईलवर उतरवून घेतल्या म्हणजे जोडणी गेल्याने खोळंबा होत नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी तयार केलेला ४५ मिनिटांचा सामान्य योगाभ्यासक्रम आणि कामाच्या जागी करावयाचा पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ हेही चित्रफितींच्या रूपाने उपलब्ध आहेत. आरंभासाठी ते विश्वसनीय आहेत.

सावधगिरी

पडदा शिकवितो, पण करणाऱ्याकडे पाहत नाही. गुरूचे डोळे त्याला नाहीत. म्हणून स्वतःची काळजी स्वतःस घ्यावी लागते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून करावयाच्या व डोके खाली नेणाऱ्या कृती टाळाव्यात. गुडघे दुखत असतील त्यांनी उड्यांऐवजी खुर्चीवरील व्यायाम निवडावा. मधुमेहासाठी इन्सुलिन अगर गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोरकस व्यायाम करू नये. गर्भवती व नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनींनी डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेला विचारूनच आरंभ करावा. छातीत दुखणे, भोवळ येणे, दम न थांबणे यांपैकी काहीही झाले तर चित्रफीत संपण्याची वाट न पाहता थांबावे आणि दवाखाना गाठावा. तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतून केली जाते. व्यायामापूर्वी तिचा लाभ घेणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात जिल्ह्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पहाटेची वेळ सोडू नये.

मोबाईल कोणाचा, अर्धा तास कोणाचा?

इतके सर्व सांगून झाल्यावरही खरी अडचण शिल्लक राहते. अनेक घरांत मोबाईल एकच असतो आणि तो मुलाच्या किंवा यजमानांच्या खिशात असतो. अनेक स्त्रियांचा दिवस चुलीपासून सुरू होऊन चुलीशीच संपतो. त्यात तिचा स्वतःचा म्हणावा असा अर्धा तास कोठेच नसतो. शिवाय आईने पडद्यासमोर हातपाय हलविले की घरातीलच कोणी हसते. त्या एका हसण्याने तिचा व्यायाम कायमचा थांबतो.

हा प्रश्न शिक्षकाने किंवा शासनाने सुटणारा नाही. तो घरातच सुटावयाचा आहे. रोज ठरलेल्या वेळी मोबाईल तिच्या हाती द्यावा, त्या वेळेत चहा मागू नये, आणि हसण्याऐवजी शेजारी उभे राहून दोन कृती स्वतः कराव्यात. औंधच्या राजघराण्यातील आणि कृष्णम्माचार्यांच्या घरातील स्त्रियांना हे शक्य झाले, कारण तेथे घरातील कर्ता पुरुष सोबत होता. बोरी अरबच्या घरांत ते अशक्य असावे, असे काहीच नाही.

महिला बचत गटांना यात एक पाऊल पुढे टाकता येईल. गटाची बैठक ज्या घरी असेल तेथे हिशेब मिटल्यावर पंधरा मिनिटे मोठ्या पडद्यावर एक चित्रफीत लावावी. दहा जणी एकत्र असल्या म्हणजे कोणी कोणास हसत नाही. किंबहुना सगळ्याच हसतात, आणि ते हसणे व्यायामाचेच अंग असते. कोणती फीत रुचली, कोणती जड गेली, हे आपसात बोलून निवडही अधिक नेमकी होते.

आखाडा गावाच्या कडेला होता. आता तो घराच्या ओसरीवर आला आहे. त्यात उतरण्यासाठी लंगोट कसावा लागत नाही, वय आड येत नाही. हवी आहे ती मनाला रुचेल अशी एक चित्रफीत, आणि ती लावणाऱ्या स्त्रीला घराने मोकळ्या मनाने दिलेला अर्धा तास. आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एवढेच ठरवावे की, उद्यापासून तो अर्धा तास कोणत्या वेळी असेल.