सार्वकालिक म्हणजे आजसुद्धा



1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. तेव्हापासून घरात मराठी आणि शाळेत हिंदी हे इथं नित्याचं झालं. त्यामुळे योहानाचं शुभवर्तमान आपल्याकडे दोन तोंडांनी बोलतं. हिंदीत ‘अनंत जीवन’, मराठीत ‘सार्वकालिक जीवन’. आशय एकच, पण माझा जीव मराठी शब्दावर जडला आहे. अनंत म्हटलं की नजर लांब, पार पलीकडे जाते. सार्वकालिक म्हणजे सगळ्या काळांचं, आणि सगळ्या काळांत आजचा दिवसही आलाच. येशूने या जीवनाची जी ओळख करून दिली, तीत वर्षांची मोजदाद नाही. देवाला ओळखणं आणि त्याने ज्याला पाठवलं त्याला ओळखणं, एवढंच आहे. ओळख काही मरणानंतर सुरू करायची गोष्ट नव्हे.

नारायण वामन टिळकांना ही ओळख आपल्याच वाटेवर झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ती वाट गोंदियावरून जाते, म्हणजे आपल्या उंबरठ्यावरूनच. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, पण ते अपुरं ठेवूनच ते 1919 मध्ये गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती, तरी त्यांनी त्या काव्याचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. आपल्या हातून काम पुरं होणार नाही हे ठाऊक असूनही ते नीट करत राहणं, याला मी विश्वासूपण म्हणतो.

पण माझ्या मनात सर्वांत जास्त घर केलं आहे ते पंडिता रमाबाईंनी. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन गेल्या. बालाघाटही तेव्हा मध्य प्रांतातच होतं, म्हणून ही गोष्ट मला परक्या मुलखाची वाटत नाही. केडगावच्या मुक्ती सदनात मुली लिहा-वाचायला शिकल्या, काही जणी छापखान्यात खिळे जुळवायलाही शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी पवित्र शास्त्र मुळातून मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळावं अशा मराठीत. त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुक्ती सदनातल्याच बायका होत्या. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. स्वतःची प्रकृती ढासळत होती, तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या, तेव्हा त्यांच्या हातचं काम संपलेलं होतं. ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये.

स्वर्गावर डोळे लावून बसलेली माणसं या जगाच्या कामाची राहत नाहीत, असा आपल्यावर जुना आक्षेप आहे. मी त्याला रमाबाईंची मुद्रितं दाखवतो. सगळं काही मेल्यावरच मिळणार असं जिला वाटतं, ती काना-मात्रा कशाला तपासत बसेल?

आणखी एक सांगतो, कारण ते सांत्वनाच्या वेळी फार खुपतं. पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग रडता कशाला, असं आपलीच माणसं कबरस्थानात म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला. घटकाभरात त्याला उठवणार होता, तरी रडला. आशा धरणाऱ्याला शोक करायची मोकळीक आहे, आणि आपल्या साहित्यिकांच्या लेखनातही ती हवी. आपल्या मृत्युलेखांत माणूस सापडत नाही, नुसती वचनं सापडतात. गेलेली बाई पहाटे कुणासाठी भाकर थापायची, कुणाचं कर्ज तिने गाजावाजा न करता फेडलं, तेही लिहा.

वैनगंगेच्या या खोऱ्यात जुन्या मंडळ्यांमधून म्हाताऱ्या आयाबाया अजून आहेत. त्यांच्या प्रार्थनांची मराठी कुठल्याच पुस्तकात नाही. दुपारच्या सत्रात आपण ती लिहून घ्यायची सुरुवात करणार आहोत. वह्या इथं टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी.