खोकला अंगावर काढू नका
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी फराळाच्या व्यवस्थेत असते. यंदा चिटणीसबाईंनी आग्रहाने बोलायला उभे केले आहे. मी काही डॉक्टर नव्हे. पण थोरल्या जाऊबाईंच्या आजारात दवाखान्याच्या बाकांवर बसून जे ऐकले आणि पाहिले, ते तुमच्या कानावर घालावे, एवढाच हेतू.

जाऊबाईंना गणपतीच्या सुमारास खोकला लागला. मीच त्यांना अडुळसा-ज्येष्ठमधाचा काढा करून देत होते. दिवाळी झाली तरी खोकला जाईना, तेव्हा छातीचा फोटो काढला. डाव्या फुप्फुसावर डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी क्षयच असावा म्हणून औषध सुरू झाले. चार महिने त्यांनी नेमाने गोळ्या घेतल्या. खोकला तसाच राहिला, वजन उतरले, आवाज घोगरा झाला. शेवटी मोठ्या इस्पितळात नेले. तिथे सीटी स्कॅन झाला, सुईने गाठीचा कण काढून तपासला, आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मी जन्मात विडीला हात लावला नाही!" आम्हा सर्वांनाही हेच कोडे पडले. डॉक्टरांनी समजावले, की या रोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट हेच. पण दुसऱ्याने ओढलेल्या विडीचा धूरही घातक असतो. शिवाय दगडी कोळशाचा धूर, डिझेलचा धूर, ॲस्बेस्टॉसची धूळ, शहरातली दूषित हवा ही कारणे आहेत. लाकडाच्या धुराबद्दलही दाट संशय आहे. जाऊबाईंनी पंचवीस वर्षे चूल फुंकली, आणि घरात मामंजींच्या विड्यांचा धूर असेच. त्यांना नेमके कशाने झाले, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

या रोगाच्या मुख्य जाती दोन. लहान पेशींचा कर्करोग फार झपाट्याने पसरतो, आणि तो बहुतेक विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो. शंभरांत सुमारे ८५ रोग्यांना दुसऱ्या जातीचा असतो. त्यातला एक प्रकार मोठ्या श्वासनळ्यांजवळ वाढतो. दुसरा, ॲडिनोकार्सिनोमा, बहुधा फुप्फुसाच्या कडेला होतो. कधीच धूम्रपान न केलेल्या बायकांत हाच जास्त आढळतो. जाऊबाईंना हाच होता.

आता फोटोविषयी. क्षयाचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो. पण कर्करोगही तिथे होतो, आणि पोकळी दोहोंतही दिसू शकते. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी असली, किंवा तिच्या कडांना कुसळांसारखे फाटे असले, तर कर्करोगाचा संशय वाढतो. कधी फुप्फुसाभोवती पाणी होते, कधी फुप्फुसाचा एखादा भाग मिटून जातो. लहान गाठ हृदयाच्या किंवा बरगडीच्या सावलीआड लपते, म्हणून फोटो चांगला आला तरी तक्रार राहिल्यास डॉक्टरांकडे पुन्हा जावे. सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसते. पण खात्री होते ती गाठीचा तुकडा तपासल्यावरच.

खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त आले, दम लागू लागला, छाती किंवा खांदा सतत दुखला, आवाज बसला, चेहरा सुजला, कारणावाचून वजन उतरले, तर थांबू नका. बहुतेक खोकले साधे असतात, क्षयही आपल्याकडे पुष्कळ आहे आणि तो औषधाने बरा होतो. तेव्हा क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. पण जंतू सापडले नसतील आणि दोन महिने औषध घेऊनही उतार नसेल, तर "डॉक्टर, हे दुसरे काही असेल का?" असे विचारायला भिऊ नका. आम्ही विचारले नाही. डॉक्टरांना कसे विचारायचे, असे वाटले.

जाऊबाईंच्या गाठीची आणखी एक तपासणी झाली, आणि त्यांच्या प्रकाराला लागू पडणाऱ्या गोळ्या मिळाल्या. त्यावर त्यांनी पावणेदोन वर्षे काढली, नातवाची मुंज पाहिली. गेल्या आषाढात त्या गेल्या. आधी कळते तर त्या वाचल्याच असत्या, असे मी म्हणत नाही. पण रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने गाठ काढता येण्याची आशा असते. ते चार महिने आणि माझा तो काढा अजून मनातून जात नाही.

आपण बायका घरच्यांच्या शिंकेलाही औषध आणतो, आणि आपला खोकला पदराआड दाबतो. आजपासून एवढे करू या. घरातल्या पुरुषांना विडी सोडायला सांगू. सोडल्याने धोका वर्षागणिक कमी होत जातो. आणि शेजारणीचा खोकला तीन आठवडे कानावर आला, तर तिला हाताला धरून दवाखान्यात नेऊ.