मुशीतील वादळ आणि आकड्यांचा हिशेब
(नाशिक येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



नाशिककरांना स्फटिकांचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दिसणारी अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखी खनिजे दख्खनच्या काळ्या पाषाणातच घडली. लाव्हा थिजताना त्यात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून उष्ण, खनिजयुक्त पाणी झिरपले आणि कणाकणाने स्फटिक वाढला. निसर्गाला घाई नव्हती.

कारखान्याला मात्र घाई असते. चिपसाठी लागणारा सिलिकॉनचा स्फटिक प्रामुख्याने पोलिश शास्त्रज्ञ यान चोक्राल्स्की यांनी १९१६ साली शोधलेल्या पद्धतीने वाढवतात. क्वार्ट्झच्या मुशीत १४१४ अंश सेल्सिअसच्या वर सिलिकॉन वितळवायचे, त्याला बीजस्फटिक टेकवायचा आणि तो फिरवत सावकाश वर ओढायचा.

सांगायला सोपे, पण मुशीत वादळ चाललेले असते. कडेचा तप्त रस वर चढतो, मध्याशी येऊन खाली उतरतो. मुशीतून विरघळलेला ऑक्सिजन याच प्रवाहाबरोबर स्फटिकापर्यंत पोहोचतो. तापमान किंचित डळमळले तरी स्फटिकात अशुद्धतेचे पट्टे उमटतात. रस अपारदर्शक असल्याने आत डोकावताही येत नाही. म्हणूनच ती मूस संगणकात उभी करावी लागते.

अशा गणिताच्या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे : डॉ. सुहास पाटणकर. १९६२ साली पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी, नंतर मुंबईची आयआयटी आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजची डॉक्टरेट. तेथील प्रा. ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ साली 'सिम्पल' ही पद्धत मांडली. १९८० सालचा त्यांचा ग्रंथ जगभरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला.

पद्धतीचे मर्म व्यापाऱ्याच्या खतावणीसारखे आहे. द्रवाचे लहान लहान कप्पे कल्पायचे. प्रत्येक कप्प्यात किती द्रव्य आले, किती गेले. किती उष्णता आली, किती गेली, याचा ताळा जुळलाच पाहिजे. अडचण दाबाची, त्यासाठी स्वतंत्र समीकरण हाती नसते. म्हणून आधी दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचा, द्रव्याचा हिशेब चुकला की दाब सुधारायचा आणि ताळा जुळेपर्यंत हे आवर्तन चालू ठेवायचे.

आज तयार सॉफ्टवेअर महाविद्यालयांतून उपलब्ध आहे. कळ दाबताच पडद्यावर रंगीत चित्र उमटते आणि विद्यार्थी त्यालाच सत्य मानून मोकळा होतो. धोका येथेच आहे. मुशीच्या कडेचे तापमान चुकीचे भरले, तर कप्प्यांचा ताळा जुळूनही उत्तर खोटेच निघेल आणि त्याची किंमत भट्टीतील स्फटिक चुकवील. प्रयोगातील मोजमापाशी पडताळल्यावाचून संगणकाचे उत्तर स्वीकारता येत नाही.

पाटणकरांचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु सभागृहातील टाळ्यांनी तो सार्थ होणार नाही. येथील तरुणाने ती समीकरणे एकदा तरी स्वतःच्या हाताने, एका लहानशा चौकोनासाठी, वहीत सोडवावीत. अभिमानाचे रूपांतर सामर्थ्यात होण्याचा मार्ग त्या वहीतूनच जातो.