गणित किती शिकलात, आणि किती उमगलं?

आकडे सांगण्याआधी एक छोटं काम देतो. जवळ फूटपट्टी असेल तर घ्या, नसेल तर मनात धरा. पट्टीवर पेन्सिल अशी ठेवा की एक टोक शून्यावर आणि दुसरं ७ वर येईल. लांबी किती? सात सेंटिमीटर. आता तीच पेन्सिल सरकवा. एक टोक ३ वर, दुसरं १० वर. आता लांबी किती?

हसू नका. २०२३ साली 'असर'च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना याच धर्तीचा प्रश्न विचारला होता. २६ राज्यांतले २८ जिल्हे. वस्तू शून्यापासून ठेवलेली होती तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. सुरुवात शून्यावरून हलवली, आणि हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं.

ही शाळा सोडलेली मुलं होती, असं वाटेल. तसं नाही. त्यांतली जवळजवळ ८७ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात नाव घातलेली होती. आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, म्हणजे तिसरी-चौथीचं गणित, हे जमलं ४३ टक्क्यांना.

मला या सगळ्यात भागाकारापेक्षा फूटपट्टी जास्त छळते. भागाकार विसरू शकतो माणूस. सराव सुटला की हात अडखळतो. पट्टीचं तसं नाही. ८५ टक्के मुलांना 'मोजता येतं' असं आपण समजत होतो, त्यांतली निम्म्याहून जास्त पट्टीच्या टोकाला दिसणारा आकडा वाचत होती. लांबी म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल, किंवा सांगितलं असेल पण विचारलं नसेल. पेपरात पेन्सिल नेहमी शून्यावरच ठेवलेली असते ना! त्यामुळे मार्क मिळत राहतात, मूल वरच्या वर्गात जात राहतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असंही समजू नका. अमेरिकेत १९७८च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती? उत्तर काढायचं नाही, अंदाज सांगायचा. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, म्हणजे बेरीज दोनच्या आसपास. हे उत्तर दिलं साधारण चौथा हिस्सा मुलांनी. अर्ध्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. का? वरचे आकडे मिळवले की १९ होतात, खालचे मिळवले की २१. एक भाकरी आणि अजून एक भाकरी मिळून एकोणीस भाकऱ्या कशा होतील, हा प्रश्न त्या मुलांच्या डोक्यात आलाच नाही, कारण समोर भाकरी नव्हती, नुसती आकड्यांची रचना होती.

आता उलट बाजू बघा. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्तर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन आलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजीपाला वगैरे विकणाऱ्या मुलांचा हिशोब त्यांनी तपासला. समजा तुम्ही तीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि पंचवीस रुपये किलोचा १ किलो ४०० ग्रॅम कांदा घेतलात आणि दोनशेची नोट दिलीत. अशा गिऱ्हाइकाला ही मुलं कागद-पेन्सिल न घेता बरोबर सुट्टे पैसे देतात. बटाटे किलोभर असते तर तीस, दोनशे ग्रॅम कमी म्हणून सहा कमी, चोवीस. कांद्याचे पस्तीस. एकूण एकोणसाठ, परत एकशे एकेचाळीस. पण तसाच हिशोब शाळेच्या पद्धतीने, नुसत्या आकड्यांत मांडला की हीच मुलं अडतात. आणि बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं? कागदावरचं गणित त्यांना बरं जमतं, बाजारातलं जमत नाही.

यातून 'शाळा कशाला, अनुभवच गुरू' असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. मला तो पटत नाही. बाजारातल्या मुलालाही त्याच्या हिशोबाचं पुढे काही करता येत नाही, कारण त्याला शाळेच्या गणितापर्यंत नेणारा पूल कुणी बांधला नाही. आपल्या आजोबांच्या पिढीची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आठवा. घोकंपट्टीच होती ती, पण प्रत्येक ओळीला बाजारातला एक व्यवहार चिकटलेला होता.

पूल बांधायचा प्रयत्न झाला की आपण काय करतो, तेही पाहिलंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावन्न'च्या जोडीला 'पन्नास सात' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ! मंगला नारळीकरांनी शांतपणे बाजू मांडली. बेळगावात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मंडळींना हे लगेच कळेल: कन्नडमध्ये 'ऐवत्तेळु', तेलुगूत 'याभै एडु', आधी पन्नास, मग सात, जसं लिहितो तसंच. सहा-सात वर्षांच्या मुलाला ५७ लिहिताना ७५ लिहावंसं का वाटतं, याचा विचार करणारी ती सूचना होती. विनोद मात्र भरपूर झाले.

'पण पुढे गणित लागतं कुठे?' हे वाक्य दहावीनंतर गणित सोडलेल्यांकडून नेहमी ऐकू येतं. लागतं, आणि तेही सातवीचंच. एक लाखाचं कर्ज, वर्षाला 'फ्लॅट' दहा टक्के, बारा हप्ते. व्याज दहा हजार, हप्ता साधारण ९,१६७ रुपये. दर दहा टक्के वाटतो. पण पहिला हप्ता भरल्यापासून मुद्दल कमी होत जातं. वर्षभर तुमच्याकडे पूर्ण लाख नसतोच, सरासरी साधारण पंचावन्न हजार असतात. दहा हजार व्याज या पंचावन्न हजारांवर धरा. खरा दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. गुणाकार सगळ्यांना येतो इथे. टक्के कशाचे, हा प्रश्न विचारायचा राहतो. हीच ती सरकलेली पेन्सिल, फक्त इथे चूक झाली की घरातले पैसे जातात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, वेगळा छापलेला असतो, आणि तो कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यायचा असतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळुरूला, सही करण्याआधी तो कागद मागा. घरात आठवी-नववीतलं कुणी असेल तर फ्लॅट दर आणि एपीआर दोन्ही त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, कर्ज एकच, मग हे दोन आकडे वेगळे का? उत्तर लगेच सांगू नका. आधी त्याला अंदाज करू द्या, मग कागद-पेन्सिल द्या.