पडदा स्वस्त, खेळ महाग

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऊसदर, यंत्रमाग, महागाई हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. आज दूरचित्रवाणी संचाच्या घसरत्या किमती आणि त्यावर खेळले जाणारे खेळ हा विषय ठेवलेला पाहून काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. पोराटोरांच्या खेळण्यावर संध्याकाळ कशाला घालवायची, असा त्यांचा प्रश्न आहे. परंतु एखादी वस्तू वीस वर्षांत महाग न होता उलट कितीतरी स्वस्त होते आणि राजारामपुरीच्या दुकानांतून निघून राधानगरी-शिरोळच्या शेतमजुराच्या घरापर्यंत पोचते, तेव्हा तिचा भाव कोणी पाडला, कशासाठी पाडला आणि त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हे विचारणे कार्यकर्त्याला टाळता येणार नाही.

२००६-०७ च्या सुमारास ३२ इंची सपाट पडद्याचा संच घ्यायचा तर अर्ध्या लाखाच्या घरात रक्कम मोजावी लागे. आज त्याच मापाचा साधा संच दहा हजारांच्या आसपास मिळतो. दरम्यान तेल, डाळ, गॅस, शाळेची फी यांचे काय झाले हे आपल्या घरातल्या स्त्रियांना विचारावे. जगणे महाग होत गेले आणि पडदा तेवढा स्वस्त होत गेला.

आता हा पडदा आणि खेळ यांचे नाते पाहू. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्राच्या जेमतेम ५७६ आडव्या रेषा दिसत. चित्रपट पाहायला, बातम्या ऐकायला तेवढ्या पुरत. २००६ साली नव्या पिढीची खेळयंत्रे, ज्यांना कन्सोल म्हणतात, ती भारतात येऊ लागली आणि हा हिशेब मोडला. 'डेड रायझिंग' नावाच्या त्या वर्षीच्या एका खेळात पडद्यावरील सूचना इतक्या बारीक अक्षरांत होत्या, की जुन्या संचावर त्या वाचताच येत नाहीत अशी तक्रार देशोदेशीच्या खेळाडूंनी केली. खेळ बनविणाऱ्यांनी उच्च सुस्पष्टतेचा पडदा गृहीत धरला होता. ज्याच्यापाशी तो नव्हता, त्याने घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण सुरू केले ते २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. म्हणजे बातम्या आणि नाटके सुस्पष्ट होण्याच्या कितीतरी आधी खेळ सुस्पष्ट झाला होता. गरज आधी निर्माण करायची आणि मग ती भागविणारी वस्तू बाजारात मांडायची, ही भांडवली बाजाराची रीत येथे विनाआडपडदा पाहायला मिळते.

भाव मात्र बाजाराच्या औदार्याने उतरला, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ऑक्टोबर २००१ ते फेब्रुवारी २००६ या काळात कोरिया आणि तैवानमधील सहा बड्या पॅनेल-उत्पादक कंपन्यांचे प्रतिनिधी मुख्यतः तैवानमधील हॉटेलांत बसून भाव आपसांत ठरवीत होते. अशा सुमारे ६० बैठका झाल्या. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये या संगनमताबद्दल सुमारे ६४.८ कोटी युरोंचा दंड ठोठावला. सहांपैकी सॅमसंगने सर्वांत आधी वाच्यता केली म्हणून ती दंडातून सुटली. अमेरिकेत तैवानच्या एयू ऑप्ट्रॉनिक्स या कंपनीला २०१२ साली ५० कोटी डॉलरचा दंड झाला. मुक्त स्पर्धेची पोथी जगाला वाचून दाखविणारेच बंद दाराआड स्पर्धेचा गळा आवळीत होते.

ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा सार्वजनिक पैशाचा आहे, आणि आपल्या वर्गाने विशेष ध्यानी घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. चीनमधील हफेई या नगराच्या शासनाने २००८ पासून बीओई या कंपनीच्या पॅनेल-कारखान्यात प्रचंड सार्वजनिक भांडवल गुंतविले. इतर नगरांनी तोच मार्ग धरला. मोठमोठ्या काचांवर एकाच वेळी अनेक पडदे काढणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले, गरजेहून अधिक माल तयार झाला आणि भाव कोसळले. अखेर २०२२ साली सॅमसंगनेच एलसीडी पॅनेलचे उत्पादन थांबविले. चीनच्या कामगारांचे हक्क, तेथील दडपशाही यांविषयी आपली मते स्पष्ट आहेत आणि ती बदलण्याचे कारण नाही. परंतु हफेईचा दाखला देऊन 'सरकारने उद्योगात पडू नये' हा उपदेश आपल्याला यापुढे कोणी करू नये.

याच काळात महाराष्ट्रात काय झाले? औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यातील शेतकऱ्यांची मुले तेथे रंगीत संच जोडायला शिकली. या कंपनीने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन येथील कारखाने एका मराठवाडी उद्योगाच्या हाती आल्याचा केवढा गाजावाजा झाला! आणि ट्यूबचा अंत तर डोळ्यांसमोर दिसत होता. फ्रेंच भांडवलदाराने बुडते जहाज विकले, आपल्याने ते वाजतगाजत घेतले. पुढे दूरसंचार, तेल, थेट प्रक्षेपण अशा उड्या आणि त्यांपायी बँकांची कर्जे वाढत गेली. जून २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण दाखल झाले. बँकांची, म्हणजे ठेवीदार जनतेची, देणी बव्हंशी बुडीत गेली. एका देशात सार्वजनिक भांडवल उद्याच्या तंत्रात गुंतले. दुसऱ्या देशात ते खाजगी मालकाच्या हाती सोपविले गेले आणि त्याने कालचे तंत्र विकत घेतले. आज भारतात 'जोडल्या जाणाऱ्या' संचाच्या किमतीतला सर्वांत मोठा भाग असलेले पॅनेल बाहेरूनच येते.

स्वस्ताईतही वर्ण आहेत. दहा हजारांच्या संचावर 'एचडी रेडी' असे लिहिलेले असते. त्यात साधारण साडेदहा लाख ठिपके. 'फुल एचडी'त सुमारे २०.७ लाख आणि 'फोर के'त जवळजवळ ८३ लाख. 'रेडी' म्हणजे सिद्ध. कशाला सिद्ध, तर आपल्याला पूर्ण दाखविता येत नाही ते चित्र स्वीकारायला! वेगवान खेळाला चित्र सेकंदाला १२० वेळा बदलणारा पडदा लागतो आणि तो स्वस्त संचात नसतो. शासनाची करसवलतही याच उतरंडीने चालते. ३२ इंचांपर्यंतच्या संचावरील कर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के होताच. २२ सप्टेंबर २०२५ ची जी कपात दिवाळीची भेट म्हणून मिरविली गेली, तिच्यात २८ वरून १८ वर आला तो ३२ इंचांहून मोठ्या पडद्यावरचा कर. लहान संच घेणाऱ्याच्या पदरात त्या दिवाळीला काहीच पडले नाही.

आणि खेळ? प्लेस्टेशन ५ हे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आले आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० झाले. पडदा उतरतो आणि त्याला जोडायचे यंत्र चढते. एकेका नव्या खेळाची किंमत ४,९९९ रुपये, म्हणजे दोन खेळांच्या पैशांत एक साधा संच येतो. दरवाजा स्वस्त ठेवायचा आणि आतल्या प्रत्येक खोलीचे भाडे घ्यायचे, असा हा वाडा आहे. उद्यमनगरच्या फाउंड्रीत घाम गाळणाऱ्याचा मुलगा म्हणूनच मोबाइलवर फुकटचा खेळ खेळतो. फुकट खेळातही चिलखते आणि हत्यारे विकायला असतातच.

येथे कार्यकर्त्यांनी एक विवेक राखावा. पैसे लावून खेळण्याचा ऑनलाइन जुगार ही वेगळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून तो बंद केला, ते योग्यच झाले. परंतु खेळणाऱ्या प्रत्येक पोराला बिघडलेला ठरविणे हा जुन्या पिढीचा आळस आहे. तमाशाबद्दल, सिनेमाबद्दल हेच बोलले गेले. ज्या शहरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या शहराने तरी पडद्याला नाके मुरडू नयेत.

खरा प्रश्न खेळ एकट्याने की मिळून, हा आहे. दूरचित्रवाणी या देशात सार्वजनिक वस्तू म्हणूनही आली होती. १९७५-७६ च्या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविले होते. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण एका संचापुढे अर्धी गल्ली बसलेली आपल्या पेठांनीही पाहिली आहे. संच स्वस्त झाला तशी ती बैठक मोडली. कोल्हापूरची खेळाची परंपरा मात्र मुळातच सामुदायिक. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधले ते हजारोंनी एकत्र बसून कुस्ती पाहावी म्हणून. शाहू स्टेडियमवर आजही संघ उतरतात ते तालमींच्या नावाने. विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे आणि फलक चढतात, त्याची वर्गणी कोणी मागावी लागत नाही.

मग हिशेब सोपा आहे. ४३ इंची 'फोर के' संच पंचवीस हजारांच्या आसपास येतो. कन्सोल वर सांगितलेल्या भावाने धरले तर एकूण खर्च ८० हजार. २०० सभासदांच्या तालमीत तो माणशी ४०० रुपये पडतो, आणि तोही एकदाच. घरी जे यंत्र कोणालाच परवडत नाही, ते तालमीत सर्वांचे होते. फुटबॉलचा सराव आटोपून आलेली पोरे त्यावर फुटबॉलच खेळतील, मुलींसाठी वेळ राखून ठेवावा लागेल, परीक्षेच्या दिवसांत कुलूप लावावे लागेल आणि कुलपाची किल्ली कोणाकडे, यावरून पहिले भांडण होईल. विजेचे बिल आणि नव्या खेळांचा खर्च कसा उचलायचा, यासंबंधी दोन-तीन पेठांतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालमीच्या पदाधिकाऱ्यांशी बोलून पुढच्या वर्गाला आकडे घेऊन यावे.