पुस्तक-परीक्षण कसे लिहावे?
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेत पुस्तक-परीक्षण लिहावयास सांगितले की आमची मुले बहुधा गाईडातील चार परिच्छेद उतरवून काढतात, आणि अक्षर सुवाच्य आहे एवढे पाहून आम्ही पालक समाधान मानतो. ‘पुस्तक फार बोधप्रद आहे’ हे वाक्य तर न वाचलेल्या पुस्तकासही लागू पडते!

ग्रंथाचे नाव, कर्ता, प्रकाशनवर्ष ही माहिती हवीच. ‘बहिणाबाईंची गाणी’ हेच पुस्तक घ्या. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर आसोदे, सासर जळगाव. त्या निरक्षर होत्या. पुत्र सोपानदेव व आप्त यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. येथवर दोन-तीन वाक्ये पुरेत. मग सबंध पुस्तकाचा सारांश देत न बसता एकच गाणे निवडावे. त्यातील शेताचा, घरकामाचा जो शब्द अडेल तो आजीस विचारावा. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास त्यासाठी कोश धुंडाळावा लागतो. आमच्याकडे तो कोश ओसरीवर बसलेला असतो! आजी तो शब्द केव्हा वापरते, हे तिच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत लिहावे. घरची बोली वर्गात उच्चारण्याची लाज वाटणारी मुले आम्ही नित्य पाहतो. या परीक्षणात तीच बोली त्यांची मिळकत ठरते.

एखादे गाणे आवडले नाही, तर तेही निःसंकोच लिहावे. मात्र मन कोणत्या ओळीपाशी अडले ते दाखवावे. पालकांनी स्वतः लेखणी हाती घेऊ नये. मुलास तासभर आजीजवळ बसू द्यावे.