कड्यावरची माती

अमेरिकेत आयडाहो आणि ऑरेगन राज्यांच्या सीमेवर स्नेक नदीची हेल्स कॅन्यन ही दरी आहे, सुमारे २,४०० मीटर खोल. तिथला बराचसा खडक आपल्या सह्याद्रीसारखाच बेसाल्ट. उतार इतका उभा, की माती साठण्याआधीच घसरते. उरते ती उथळ, दगडगोट्यांनी भरलेली. तरी वरचा थर काळसर, कसदार असतो, कारण झुबक्यांनी वाढणाऱ्या गवताची मुळं वर्षानुवर्षं तिथंच कुजतात. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार उन्हानं होरपळतात. उत्तरेकडच्या उतारांवर ओल टिकते, माती जाड असते. तिच्यात सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटलेल्या माझामा ज्वालामुखीची राखही सापडते. गवताच्या झुबक्यांमधलं शेवाळाचं आणि दगडफुलाचं नाजूक कवच गुरांच्या खुरांखाली मोडलं, की धूप वाढते. अशा उतारांवर चराई बेतानंच व्हायला हवी.